ऐकणारं पोर

बाताम, १ डिसेंबर १९९४

सुकेर्ती,

माझ्या थोरल्या भावाची, ब्ली मस्ताची तार काल दुपारी फोरमनने हातात ठेवली. जहाजांच्या यार्डात भोंगा वाजत होता. सगळ्यांनी कान झाकलेले, हात मोकळे असलेला मी एकटाच. तार वाचली आणि तिथेच नाचलो. फोरमनला वाटलं, वेल्डिंगची ठिणगी उडून माझा पाय भाजला.

मुलगा झाला. अजून खरं वाटत नाही. आता घरात कोलोक आपण तिघं आणि ऐकणारे दोघं, मेमे आणि तिचा थोरला, मस्ता. आमच्या घरात पहिल्यांदाच बहिऱ्यांचं पारडं जड झालं. मेमेला सांग, यापुढे जेवायला बसल्यावर सगळ्यांनी हातांनीच बोलायचं. ती तोंडाने बोलते तेव्हा काय बोलते ते मला कळत नाही आणि मग वाटत राहतं की माझ्याबद्दलच बोलते आहे.

त्याच्या हातनावाचं मी ठरवून टाकलंय. कागदावर नाव काय लावायचं ते पुजारी बघेल, पण गावात त्याला माझ्या बापाच्या नावाने हाक मारायची: भुवईवरून तर्जनी खाली, बापाच्या त्या कापल्याच्या खुणेसारखी. बाप गेला त्या दिवसापासून ते हातनाव कुणी केलेलं नाही. गावातल्या अर्ध्या कबरी त्याने खणल्या. भुतांची हाक त्याला ऐकू येत नव्हती, म्हणून भीती नव्हती. असं नाव कुणालाही देता येत नाही, कोलोक पोरालाच शोभतं.

कान तपासायचा प्रश्नच नाही. खाण तशी माती.

तीन महिन्यांच्या विधीला, एकशे पाचाव्या दिवशी त्याचे पाय पहिल्यांदा जमिनीला लागतील तेव्हा, मी तिथे असेन. तोवर त्याला कुणाच्या फार कडेवर देऊ नकोस. तार कुणी केली ते कळलं, पण तुला दवाखान्यात नेलं कुणी, ते मस्ताने लिहिलं नाही.

माझ्या खोलीत तार्जो नावाचा जावाचा एक बहिरा आहे. त्याचे हात वेगळंच बोलतात, अर्धं कळत नाही. त्यालाही तार दाखवली.

विजाना


कुबुसारी, १९ डिसेंबर १९९४

ब्ली विजाना,

पोर बरं आहे. दूध पितं, झोपतं, ओलं करतं. केस तुझ्यासारखे उभे. मी पण बरी आहे, फक्त कंबर अजून माझी वाटत नाही.

नेलं कुणी म्हणून विचारलंस. गेदे आर्साने नेलं, त्याच्या भाजीच्या गाडीतून. दुसरी गाडी गावात होती कुठे? मी मागे कोबीच्या पोत्यांवर. तो दर वळणावर मान फिरवून दोन्ही हातांनी मला "धीर धर, आलंच" म्हणत होता. दोन्ही हातांनी, म्हणजे गाडी कोण चालवत होतं ते तूच ठरव. कळांपेक्षा मला त्या दरीचीच भीती जास्त. मेमे शेजारी बसून त्याला तोंडाने शिव्या देत होती. शिव्या होत्या हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

मेमेचं एक सांगते. पोराला ती माझ्याजवळ फार ठेवत नाही. सकाळी अंघोळ घातली की घेऊन फणसाखाली बसते आणि गाते. दिवसभर तिचा गळा हलताना दिसतो. मी म्हटलं, याला कशाला गातेस, तर नुसती हसते. मी समोर बसून त्याच्याशी हातांनी बोलायला लागले की ते दोन क्षण माझ्या बोटांकडे बघतं आणि मग मान मेमेकडे. माझा जीव जळतो. आई मी आहे.

हातनावाची घाई नको. थोडा मोठा होऊ दे, त्याचं तोंड बघून ठरवू. तू ये आधी.

नीट जेव. यार्डात चष्मा लावल्याशिवाय वेल्डिंग करू नकोस.

सुकेर्ती


बाताम, १० जानेवारी १९९५

सुकेर्ती,

तू लपवलंस. मस्ताने लिहिलं.

देवळातला लाकडी टोल वाजला की पोर दचकून रडतं. कुत्रं भुंकलं की डोळे उघडतं. मेमे अंगणाच्या पलीकडून हाक मारते आणि ते मान वळवतं. मस्ता लिहितो, "अभिनंदन, तुझा मुलगा ऐकतो." माझा भाऊ भोळा आहे की मुद्दाम असं लिहितो, मला कळेना.

मी कुबुसारीत जन्मलो, सुकेर्ती. आमच्या गावात किती कोलोक आहेत आणि ते कसे झाले हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ऐकणाऱ्या जोडप्याला बहिरं पोर होतं, त्यात नवल नाही. एक बहिरा आणि एक ऐकणारा असला तर काहीही होतं, माझ्याच आईबापाचं बघ, मस्ता ऐकतो, मी नाही. पण दोघं कोलोक असले तर पोर कोलोकच. रिंडीचं घर बघ, सगळी पोरं कोलोक. तळ्याकाठचं गेताराचं घर, सगळी कोलोक. पणजोबाच्या काळापासून असंच आहे. एकदाच चुकलं होतं, बाकाच्या बायकोचं. आणि ते पोर कुणाचं होतं ते पुढे तिनेच देवळात कबूल केलं. बाका त्यानंतर गावात राहिला नाही.

आता मी बाका का?

तू लिहिलंस, हातनावाची घाई नको. तेव्हाच तुला माहीत होतं. मेमे त्याला गात होती, म्हणजे तिलाही. सगळ्यांना माहीत, मी इथे लोखंडाला लोखंड चिकटवतोय आणि यार्डात पेढे वाटल्यासारखे केळ्याचे वडे वाटतोय.

आर्साची भाजीची गाडी आपल्या दारावरून रोज जाते. तो हातांनी गावात सगळ्यात छान बोलतो, कोलोकांपेक्षाही, हे तूच मला मागे म्हणाली होतीस. किती हसून म्हणाली होतीस तेही आठवतं. तेव्हाच माझ्या पोटात दुखलं होतं.

माझ्या बापाचं हातनाव त्या पोराला लावायचं नाही. कुणालाच लावू द्यायचं नाही. त्याचा फोटो पाठव, कान दिसतील असा.

विजाना


कुबुसारी, २७ जानेवारी १९९५

विजाना,

यावेळी ब्ली लिहीत नाही. तो मान नवऱ्यालाही परत मिळवायचा असतो.

हो, लपवलं. का लपवलं ते तुझ्याच पत्रात वाच, पानभर लिहिलं आहेस.

पोर काही दिवसांचंच होतं. स्वयंपाकघरात माझ्या हातून तांब्याचं झाकण पडलं. ते माझ्याकडे पाठ करून झोपलं होतं आणि त्याचे दोन्ही हात हवेत उडाले. म्हटलं, जमीन हादरली असेल, ते तर मलाही पायांना कळलं. मग मी किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि त्याच्या डोक्यामागे हवेत हलवला. त्याने मान वळवली. या बाजूला धरला, या बाजूला वळला. मी किती वेळ किल्ल्या हलवत होते कोण जाणे, शेवटी मेमेने हात धरला. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? जगातल्या कुठल्याही आईला झाला असता. मला तुझंच तोंड दिसलं.

पोर ऐकणारं कसं झालं, मला माहीत नाही. त्यात कोण नव्हतं ते माहीत आहे. फेब्रुवारीत तू गेलास, नोव्हेंबरात तो आला. बोटं आहेत ना, मोज. पण तू बोटं मोजणार नाहीस, तुला रिंडीची पोरं मोजायची आहेत. मी लोंबोकची आहे, दुसऱ्या बेटावरची. तुमच्या गावचा कायदा माझ्या पोटाला कुणी सांगितला नव्हता.

आर्सा छान बोलतो असं मी म्हणाले, कारण तो खरंच छान बोलतो. मी लग्न करून आले तेव्हा मला तुमच्या गावची एक खूण येत नव्हती. शाळेत शिकलेली माझी बोली बघून तुमचे लोक हसायचे. तू दिवसभर शेतात. मला "मीठ" म्हणजे काय, "तांदूळ" म्हणजे काय हे आर्साच्या बायकोने शिकवलं आणि गावातले विनोद आर्साने. त्याच्या बायकोसमोर, तिच्याच ओट्यावर बसून. ती आता माझ्याशी बोलत नाही. तुझं पत्र येण्याआधीच तिच्याही मनात ते आलं, कारण कायदा तिलाही पाठ आहे. तू लांब राहून जळतोस, ती शेजारी राहून जळते, आणि मधल्या मध्ये माझा नारळ फुटतो.

फोटो पाठवते आहे. कान हवे होते, कान घे. नाक, गुडघे, बेंबी हवी असेल तर तसं कळव, फोटोवाला महिन्यातून एकदाच चढून येतो.

विधी मार्चच्या मध्यावर आहे. तू आलास आणि त्याला मांडीवर घेतलंस की गावाची तोंडं बंद, हातही बंद. नाही आलास तर तो जन्मभर बाकाच्या बायकोचं पोर. मी दुसरं काही मागत नाही. एवढ्यासाठी ये.

सुकेर्ती


बाताम, २० फेब्रुवारी १९९५

सुकेर्ती,

फोटो मिळाला. उशाखाली ठेवला, मग काढला, मग पेटीत ठेवला, पुन्हा काढला. तार्जोला वाटतं मी पोराच्या मायेने सारखा बघतोय. तो बघून अंगठा वर करतो आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवतो, म्हणजे पोर माझ्यासारखं दिसतं. लोक असंच म्हणतात, त्याला काय जातं?

मी नीट बघितलं. कपाळ कुणाचंही असू शकतं. नाकाला अजून आकार नाही. पण कानाची पाळी. माझी सुटी आहे, लोंबते. बापाचीही लोंबायची, मस्ताची लोंबते. पोराची पाळी गालाला चिकटलेली आहे. आर्साची पण चिकटलेली आहे, मला पक्कं आठवतं, जत्रेत त्याने कानाला फूल लावलं होतं तेव्हा बघितलं होतं.

फेब्रुवारी ते नोव्हेंबर मी मोजलं. हिशेब बसतो. पण मी जायच्या आधीही आर्साची गाडी दारावरून जातच होती.

मला माहीत आहे तू हे वाचून काय म्हणशील. तरी लिहितो, कारण न लिहिता झोप लागत नाही. मला त्याच्या गाडीचा मत्सर नाही, त्याच्या जमिनीचा नाही. तो हातांनी बोलतो आणि तोंडानेही, याचा आहे. आमची बोली त्याला पुरती येते आणि वर त्याची स्वतःची आहेच. तो आमच्या घरात येऊ शकतो, मी त्याच्या घरात गेलो तर मुकाच. आणि आता हे पोर. ते त्याच्यासारखं दोन्ही बोलणार. मेमे त्याला हाक मारणार, ते ओ देणार. मी पाठमोरा असलो तर माझ्या घरात माझ्याबद्दल काय बोलणं चाललंय ते मला कळणार नाही, त्याला कळेल. मला माझ्यासारखं एक माणूस हवं होतं, सुकेर्ती. देवाने तेवढंही दिलं नाही, की कुणी घेतलं, ते मला माहीत नाही.

मी विधीला येत नाही. यार्डात मोठं जहाज लागलंय, रजा मिळणार नाही, असं मस्ताला लिहिलंय. तुला खरं लिहितो. रजा मिळाली असती.

विजाना


कुबुसारी, १९ मार्च १९९५

विजाना,

विधी झाला. तुला कळवावं म्हणून कळवते.

सगळी आळी आली होती. तुझे काका, रिंडीचं सगळं घर, पुजारीण. जेवणातलं डुकराच्या मांसाचं लावार मस्ताभाऊंनी स्वतः कालवलं, मीठ जास्त पडलं. आर्सा आला नाही. त्याच्या बायकोने येऊ दिलं नाही, बरंच झालं. लोक काय बोलत होते ते मी सगळं वाचलं. ऐकणाऱ्यांच्या गावात निदान पाठीमागे कुजबुजतात. इथे कुजबूज हातांनी होते आणि अंगणाच्या त्या टोकाचीही मला वाचता येते. रिंडीची म्हातारी आपल्या सुनेला विचारत होती, "बाप कुठाय?" सुनेने खूण केली, "कोणता?" माझ्याकडे लक्ष गेलं तशी हात पदराखाली.

पाय टेकवायची वेळ आली तेव्हा पुजारिणीने बापाला बोलावलं. मेमेने मस्ताभाऊंकडे बघितलं. ते उठले, बिचारे चांगले आहेत. मी त्यांना बसवलं. म्हटलं, याच्या बापाला यायचं नव्हतं, पण याला बाप नाही असं नाही, त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसणार नाही. मीच त्याला धरलं, मीच त्याचे पाय जमिनीला लावले. तसं कुणी केलेलं नाही आजवर. पुजारिणीने क्षणभर विचार केला आणि पाणी शिंपडलं. नाव पुतू विरावान ठेवलं. हातनाव ठेवलेलं नाही. तुझ्या बापाच्या नावाला मी हात लावला नाही, तुझा शब्द मी तरी पाळते.

मेमे रात्री माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताला तंबाखूचा वास. म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर आईकडे निघून गेले असते." मी म्हटलं, "मग पोर तुझ्याकडे राहील आणि तू त्याला गाशील." तिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने पोराला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि फणसाखाली एकटीच बसली, गळा न हलवता. ती एवढी बरी आहे हे मला आधी कळलं असतं तर मी एवढी जळले नसते.

कानाच्या पाळीचं. आपल्या लग्नात माझ्या कानात डूल तूच घातलेस. किती वेळ लागला, डूल किती वेळा निसटले, सगळे हसत होते. तेव्हा तुला दिसलं नाही, की माझी पाळी गालाला चिकटलेली आहे? आरसा बघ म्हणायची सोय नाही, तुझ्याकडे माझा फोटो आहे, तो बघ. आर्साची पाळी आठवते आणि स्वतःच्या बायकोची आठवत नाही.

मला तुला आणखी एक गोष्ट लिहिता आली असती. लिहीत नाही.

सुकेर्ती


बाताम, ७ मे १९९५

सुकेर्ती,

तुझा फोटो बघितला. पाळी चिकटलेली आहे. पण मी त्यासाठी लिहीत नाही, आणि इतके दिवस लिहिलं नाही ते लाजेने.

मागच्या रविवारी तार्जो मला ओढून बाजारामागच्या मैदानात घेऊन गेला. तिथे बेटावरचे बहिरे जमतात, शंभरएक तरी असतील, जावाचे, मेदानचे, पादांगचे. मी आजवर गेलो नव्हतो, त्यांची बोली मला नीट येत नाही आणि मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. एक मेदानचं जोडपं होतं, दोघंही बहिरे. त्यांच्या तीन पोरी घोळक्यात खेळत होत्या. अचानक तिघी एकदम थांबल्या आणि मैदानाच्या टोकाकडे पळत सुटल्या. मी वळून बघितलं तर काहीच नाही, मग कोपऱ्यावरून आईसक्रीमची गाडी वळली. त्यांनी घंटा ऐकली होती.

मी तार्जोला विचारलं, या कुणाच्या पोरी? त्याने त्या दोघांकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, दत्तक? तो म्हणाला, नाही, त्यांच्याच. मला वाटलं त्याची बोली मला समजली नाही. मी सरळ त्या नवऱ्याकडे गेलो आणि माझ्या गावठी हातांनी विचारलं, तुम्ही दोघं बहिरे, पोरी ऐकतात, तुला बायकोचा संशय आला नाही? त्याला समजलं नाही. बायकोला समजलं. तिने पायातली चप्पल काढली.

तार्जोने मला वाचवलं. मग त्याने सगळ्यांना सांगितलं की मी काय विचारलं, आणि सगळे हसायला लागले, सुकेर्ती, पोट धरून. आजूबाजूला माणसं उभी राहिली. "माझी दोन ऐकतात." "आमचा एक ऐकतो, एक नाही." "आमची सगळी ऐकतात, फार त्रास देतात." एका म्हाताऱ्याने खूण करून विचारलं, हा कुठून आला? बहिरं जोडपं आणि ऐकणारं पोर, हे त्यांच्याकडे रोजचं आहे. त्यांना नवल वाटलं ते माझ्या गावाचं. सगळी पोरं कोलोक, असं कधी होतं का, असं तेच मला विचारत होते. मी इतकी वर्षं समजत होतो की कुबुसारीत जे होतं तेच सगळ्या जगात होतं. विहिरीतल्या बेडकाने समुद्राचा कायदा सांगावा, तसं माझं झालं.

त्या बाईने मला शेवटी आईसक्रीम दिलं. खाता आलं नाही.

मी चुकलो. कसं झालं ते अजून मला कळलेलं नाही, पण झालं आहे आणि पोर माझं आहे. त्याला बापाचं हातनाव लाव. ऐकणारं असलं तरी लाव. आज गेलो आणि फोरमनकडे रजा मागितली. पुढच्या महिन्याच्या बोटीने निघतो. आर्साच्या घरी मी स्वतः जाईन, त्याच्या बायकोसमोर त्याची माफी मागेन.

तू काहीतरी लिहिता आलं असतं म्हणालीस. काय ते लिही.

विजाना


कुबुसारी, २६ मे १९९५

विजाना,

विचारलंस म्हणून लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटी देनपासारहून एक डॉक्टर गावात आला होता. कोलोकांचं रक्त घेऊन गेला, तुझ्या काकांचं, रिंडीच्या सगळ्यांचं. मी पोर घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसले आणि विचारलं, हे ऐकणारं कसं? दुभाष्या कोण होता ते ओळख. आर्सा. त्याची बायको शेजारी उभी, त्याच्या हातांकडे डोळे लावून.

डॉक्टर म्हणाला, माणसाच्या शरीरात प्रत्येक कामाला दोन दिवे असतात, एक आईने दिलेला, एक बापाने. एक पेटता असला तरी त्या खोलीत उजेड पडतो. ऐकण्यासाठी पुष्कळ खोल्या लागतात, आणि त्यातली एकही पूर्ण अंधारी राहिली तर माणूस कोलोक. तुमच्या गावात सगळ्यांची एकच खोली अंधारी, कारण ती एकाच जुन्या पूर्वजाकडून आली. म्हणून कोलोकाने कोलोकाशी लग्न केलं की चारही दिवे विझलेलेच, पोराला पेटता दिवा देणार कोण? माझी अंधारी खोली दुसरीच आहे, लोंबोकची. तुझ्या अंधाऱ्या खोलीत माझा दिवा पेटता, माझ्या अंधाऱ्या खोलीत तुझा. पोराने दोन्हीकडून एकेक पेटता घेतला. दोघं बहिरे होतो म्हणून नव्हे, दोघं वेगवेगळे बहिरे होतो म्हणून ते ऐकतं. आर्साचा असता तरी कदाचित ऐकलं असतं, पण तुझा आहे म्हणून तर ते नक्कीच ऐकतं.

आणि तू बापाच्या नावासाठी रडत होतास. तुझा विझलेला दिवा त्याच्याजवळ आहे, कुठे गेलेला नाही. उद्या त्याने कुबुसारीतलीच मुलगी केली तर तुझा बाप तुझ्या नातवंडांत परत येऊ शकेल. हातनाव मी कालच लावलं. त्याला ते आवडतं, भुवईवरून बोट फिरवलं की हसतो.

डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी विधीला अजून दोन आठवडे होते. आर्साची बायको तिथेच रडली आणि मला मिठी मारली. विधीला तिने आर्साला येऊ दिलं नाही ते गावाला बोलायला निमित्त नको म्हणून. गाव आज बोलतं ते जुन्या सवयीने. मेमे म्हणाली, लगेच तार कर, धावत येईल. मलाही माहीत होतं, येशील. तारेसाठी मी कागद घेतला होता. मग ठेवून दिला. मला तू डॉक्टरच्या दिव्यांसाठी यायला नको होतास. मी सांगितलं होतं, "कोण नव्हतं ते माहीत आहे." तेवढ्यावर यायला हवा होतास. मी वाट बघितली. पुजारिणीने बापाला हाक मारली तोपर्यंत बघितली.

मी पोराच्या बाबतीत लबाडी केली म्हणशील तर कबूल. त्याचं नाव मी पणाला लावलं, तुझी परीक्षा बघायला. ते बरोबर नव्हतं, मेमेने मला तसं सांगितलंही आहे.

पण आता माझं ऐक, तुला येतं तेवढं. तू आर्सावर जळलास. मी मेमेच्या गळ्यावर जळले. ते सगळं होऊन गेलं, मी धरून ठेवणार नाही. ती मेदानची बाई मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तिची बोली तुला नीट येत नाही, तिचं नाव तुला माहीत नाही. एका दुपारी, मैदानात उभ्या उभ्या, तिच्यावर तुझा विश्वास बसला. मी तुझ्यासाठी माझे हात बदलले, तुमच्या गावची बोली घेतली, दोन वर्षं तुझ्या शेजारी निजले, आणि मी जे सांगितलं ते पुरलं नाही. त्या बाईचा मला हेवा वाटतो. असला हेवा मी आजवर कुणाचा केला नाही.

ये तू. पोर तुझं आहे, ते तुला मिळेल. माझं मी अजून ठरवलेलं नाही.

सुकेर्ती